ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी संदर्भशोध: कुठे शोधायचं, कसं शोधायचं, पूर्ण लेख कसा मिळवायचा?

अन्वया_क
नमस्कार मंडळी. एमओटीएचच्या (ऑक्युपेशनल थेरपीची पदव्युत्तर पदवी) सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची तयारी चालू आहे. विषय ढोबळमानाने ठरलाय: पक्षाघातानंतर हाताचं काम सुधारण्यासाठी मिरर थेरपी (चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत करायचा सराव). पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांचा मोफत डेटाबेस) 'ऑक्युपेशनल थेरपी स्ट्रोक हँड' असं टाकलं की भलतंसलतं बरंच येतं आणि नेमके हवेत ते लेख दिसत नाहीत. जे दिसतात त्यातले बरेच पैसे मागतात. गाइडचं म्हणणं, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर विस्कळीत आहे. शोधाची पद्धत, पूर्ण लेख मिळवायचे रस्ते आणि भारतातलं साहित्य, या तिन्हींबद्दल जाणकारांनी सांगावं. बीओटीएचच्या (पदवीच्या) प्रोजेक्टवाल्यांनाही धागा उपयोगी पडेल.

शेवंती
अन्वया, सगळ्यात आधी शोधचौकटीतून 'ऑक्युपेशनल थेरपी' हे शब्द काढून टाक. आपल्या क्षेत्रातलं साहित्य निसटतं त्याचं सर्वांत मोठं कारण हे शब्दच आहेत. मिरर थेरपीची चाचणी न्यूरॉलॉजीच्या किंवा पुनर्वसनाच्या नियतकालिकात छापून येते. लेखकांत डॉक्टर, फिजिओ, मानसशास्त्रज्ञ असतात. थेरपी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (ओटीने) दिलेली असली तरी शीर्षकात आणि सारांशात आपल्या व्यवसायाचं नाव असतंच असं नाही. आणि पबमेड लेखाच्या आतला मजकूर चाळत नाही. शीर्षक, सारांश, विषयशीर्षकं आणि नोंदीतल्या इतर तपशिलांवरच त्याचा शोध चालतो. म्हणून उपचाराचं नाव घे, आजाराचं नाव घे, व्यवसायाचं नको.

प्रश्नाचे चार तुकडे कर: रुग्ण कोण, उपचार काय, तुलना कशाशी, मोजणार काय. शोधात सुरुवातीला पहिले दोनच तुकडे घालायचे. परिणामाचा तुकडा घातलास तर चांगले लेख गळतील, कारण वापरलेली प्रत्येक मोजपट्टी लेखक सारांशात लिहीत नाहीत.

प्रत्येक तुकड्यासाठी दोन प्रकारचे शब्द लागतात. एक, मेश, म्हणजे पबमेडची ठरलेली विषयशीर्षकं. दोन, साधे शब्द, शीर्षक-सारांशात शोधायचे, त्यांच्यापुढे चौकोनी कंसात टीआयएबी ही खूण. दोन्ही का? नवा लेख यादीत येतो तेव्हा त्याला मेश लागलेलं नसतं, आणि पबमेडमधल्या काही लेखांना ते कधीच लागत नाही. नुसत्या मेशवर विसंबलीस तर ताजे लेख हुकतील, नुसत्या शब्दांवर विसंबलीस तर वेगळी भाषा वापरणारे लेखक हुकतील.

टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिते:

(स्ट्रोक [मेश] ऑर स्ट्रोक [टीआयएबी] ऑर हेमिप्लेज* [टीआयएबी] ऑर हेमिपार* [टीआयएबी]) अँड ("मिरर थेरपी" [टीआयएबी] ऑर "मिरर व्हिज्युअल फीडबॅक" [टीआयएबी])

हेमिप्लेज आणि हेमिपार ही दोन्ही रूपं ब्रिटिश वर्तनीनेही घाल, म्हणजे सुरुवातीला एच-ई-एम ऐवजी एच-ए-ई-एम. चांदणीच्या आधी किमान चार अक्षरं हवीत. अँड-ऑर मोठ्या लिपीत लिही आणि कंस विसरू नकोस; पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, कंस नसतील तर अर्थच बदलतो.

वाचनकट्टा
शेवंतीताईंनी पाया घातलाच आहे. वैद्यकीय ग्रंथालयाच्या बाजूने थोडी भर.

कोरी पाटी घेऊन बसण्याआधी कॉक्रेन लायब्ररीत (उपचारांवरच्या चाचण्यांच्या पद्धतशीर आढाव्यांचा संग्रह) तुमच्या विषयावरचा आढावा आहे का ते बघा. मिरर थेरपीवर आहे. २०१२ च्या आवृत्तीत १४ अभ्यास आणि ५६७ रुग्ण होते, २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ६२ अभ्यास आणि १९८२ रुग्ण. प्रकाशनानंतर बारा महिन्यांनी कॉक्रेनचे आढावे मोफत वाचता येतात, त्यामुळे हा पूर्ण मिळेल.

त्यातला निष्कर्ष विद्यार्थी वाचतात आणि परिशिष्ट सोडून देतात. खरा ऐवज परिशिष्टात आहे. मेडलाइन, एम्बेस, सिनाल अशा प्रत्येक डेटाबेससाठी वापरलेली शोधओळ तिथे जशीच्या तशी छापलेली असते. मेडलाइनची ओळ बहुधा ओव्हिड या दुसऱ्या शोधप्रणालीच्या भाषेत असते, ती पबमेडसाठी बदलून घ्यावी लागते. मेशच्या आधी 'एक्स्प' असेल तर ते काढा, पबमेड पोटशीर्षकं आपोआप धरतं. शब्दानंतर 'टीडब्ल्यू' किंवा 'टीआय, एबी' असेल तिथे टीआयएबी लिहा. 'एडीजे५' म्हणजे दोन शब्दांमध्ये जास्तीत जास्त चार शब्द. पबमेडमध्ये हेच करायला दोन्ही शब्द अवतरणात लिहून पुढच्या चौकोनी कंसात टीआयएबी, विसर्गचिन्ह, लाटेचं चिन्ह आणि ४ असं लिहायचं. पाच नव्हे, चार. इथे हमखास गल्लत होते. या सोयीत चांदणी चालत नाही, म्हणून शब्दाची सगळी रूपं वेगवेगळी लिहावी लागतात.

आढाव्यातला शोध जिथे थांबला त्या तारखेपासून पुढचं तुम्ही स्वतः शोधायचं. आढाव्यातल्या अभ्यासांपैकी भारतातले आणि तुमच्या रुग्णगटाशी जुळणारे निवडून मूळ लेख वाचा. आढाव्यावरून उचललेला संदर्भ मूळ लेख वाचल्यासारखा देऊ नये.

शेवंती
वाचनकट्टा यांचा मुद्दा विषयनिवडीलाही लागू होतो. हाताची हालचाल आणि दैनंदिन कामं यांत मिरर थेरपीचा फायदा दिसतो, निदान नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून, असं तो आढावा सांगतो. लहान नमुने आणि पद्धतीचे अपुरे तपशील या त्रुटीही तो नोंदवतो. मग 'मिरर थेरपीने फरक पडतो का' एवढाच प्रश्न घेऊन सिनॉप्सिस दिला तर समिती विचारणारच की नवीन काय. नुसती हालचाल आरशात करणं विरुद्ध वस्तू हाताळत काम करणं, घरी नातेवाइकांच्या देखरेखीखाली करणं, असा काहीतरी कंगोरा हवा. आणि तो कंगोरा ऑक्युपेशनचाच, म्हणजे रुग्णाच्या रोजच्या कामांचाच असावा, नाहीतर आपण हे का करतोय?

निळाई (मेलबर्न)
पबमेडच्या पलीकडे तीन ठिकाणं.

सिनाल: नर्सिंग आणि संलग्न आरोग्यशाखांचा डेटाबेस, एब्स्कोचा, पैसे भरून. ओटीच्या नियतकालिकांची व्याप्ती इथे पबमेडपेक्षा चांगली आहे. विषयशीर्षकं मेशसारखी दिसली तरी वेगळी आहेत, म्हणून पबमेडची ओळ तशीच चिकटवू नका. शीर्षकाआधी एमएच लिहायचं, पोटशीर्षकं हवी असतील तर शीर्षकानंतर अधिकचं चिन्ह. दोन शब्दांतल्या अंतरासाठी एन५. तुमच्या कॉलेजात सिनाल नसेल तर तसं पद्धतीच्या भागात सरळ लिहा: कोणते डेटाबेस पाहिले, कोणते उपलब्ध नव्हते.

पेड्रो: सिडनीहून चालणारा, १९९९ पासूनचा, पूर्ण मोफत. नाव फिजिओथेरपीचं असलं तरी स्ट्रोक, हात, सेरेब्रल पाल्सी यांवर आपल्याला भरपूर मिळतं. अ‍ॅडव्हान्स्ड शोधात प्रत्येक यादीतून एकच पर्याय निवडता येतो आणि अँड-ऑरची सरमिसळ होत नाही, म्हणून शोध लहान ठेवा आणि दोन-तीनदा करा. प्रत्येक चाचणीला १० पैकी गुण असतात. निकष ११ आहेत, पण पहिला गुणांत धरत नाहीत. आपल्या उपचारांत रुग्ण आणि थेरपिस्ट या दोघांनाही गट कळतोच, त्यामुळे ८ गुण म्हणजे जवळपास कमाल. '६ गुण म्हणजे सुमार अभ्यास' असं लिहाल तर चूक ठरेल.

ओटीसीकर: खास आपल्या व्यवसायासाठी २००३ मध्ये सुरू झालेला ऑस्ट्रेलियातला डेटाबेस. जुन्या नोट्समध्ये त्याचं नाव पहिलं असतं. निधीअभावी त्यात नव्या चाचण्यांची नियमित भर पडणं थांबलं, म्हणून अलीकडच्या साहित्यासाठी त्यावर विसंबू नका.

आणखी एक. परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ओटीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेली मार्गदर्शक पानं बहुतेक सर्वांना खुली असतात. त्यांतल्या डेटाबेसच्या दुव्यांवर लॉगिन मागतात, पण शोधशब्दांच्या याद्या, मोजपट्ट्यांची पुस्तकं, नमुना शोध हे सगळं वाचता येतं. तेवढ्यासाठी ती पानं बघावीत.

सह्यकडा
एवढा खटाटोप कशाला? गूगल स्कॉलरवर मिरर थेरपी स्ट्रोक टाकलं की सगळं समोर येतं. बीओटीएचच्या प्रोजेक्टला ते पुरेसं नाही का?

वाचनकट्टा
@सह्यकडा, सुरुवातीला अंदाज घ्यायला स्कॉलर उत्तम. मुख्य शोध म्हणून नको. कितीही निकाल सांगितले तरी पहिले १००० च दिसतात, शोधओळीची लांबी २५६ अक्षरांपुरती, विषयशीर्षकं नाहीत, आणि क्रम कसा लावला ते कळत नाही. तोच शोध महिनाभराने परीक्षकाने केला तर तोच निकाल येईल याची खात्री नाही.

पण एका कामात स्कॉलरला तोड नाही. तुमच्या विषयाचा एक भक्कम लेख घ्या आणि त्याखालचं 'साइटेड बाय' उघडा. त्या लेखाचा संदर्भ देणारे पुढचे सगळे लेख मिळतात, आणि त्या यादीच्या आतही शब्द टाकून शोधता येतं. विषयशीर्षकांच्या जाळ्यातून सुटलेले लेख इथे सापडतात. दुसरं म्हणजे 'ऑल व्हर्जन्स'. प्रकाशकाच्या पानावर कुलूप असलं तरी विद्यापीठाच्या संग्रहात लेखकाने ठेवलेली प्रत त्या यादीत पुष्कळदा असते.

अन्वया_क
सगळ्यांचे आभार. वरची ओळ वापरली, तर निकाल अगदीच मोजके आले. मग "टास्क बेस्ड मिरर थेरपी फॉर हँड फंक्शन" हे अवतरणात टाकलं तर पबमेड म्हणतं की असा वाक्प्रयोग सापडला नाही, आणि तरीही खाली निकाल दाखवतं. कुठे चुकतंय?

शेवंती
दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजके निकाल: डावीकडचे फिल्टर बघ. पबमेडमध्ये एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधांनाही चिकटून राहतो, 'क्लिअर ऑल' करेपर्यंत. 'फ्री फुल टेक्स्ट', 'ह्यूमन्स' आणि 'पाच वर्षं' हे तीन लावलेले असण्याची दाट शक्यता आहे. 'ह्यूमन्स' मेशवर चालतो, म्हणून मेश न लागलेले नवे लेख त्यात गळतात. 'फ्री फुल टेक्स्ट' तर कधीच लावू नये. तुझ्या कॉलेजला जे वाचायला मिळतं तेही तो लपवतो. आधी काय अस्तित्वात आहे ते शोध, मग ते मिळवायचं कसं ते बघ.

अवतरणातलं वाक्य: पबमेडची वाक्प्रयोगांची स्वतःची सूची आहे. त्यात नसेल तर ते अवतरणं सोडून देतं आणि सुटे शब्द शोधतं, म्हणून खाली निकाल दिसतात. इतकं लांब वाक्य कुणी सारांशात लिहीत नाही. दोन शब्दांच्या वर जाऊ नकोस.

पबमेडने तुझ्या शब्दांचं काय केलं ते बघायला 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जा, 'हिस्टरी'त त्या शोधासमोर 'डिटेल्स'चा बाण उघड. नको असलेलं मेश घुसलं असेल तर तिथे दिसतं. प्रत्येक तुकडा वेगळा शोधून हिस्टरीतच अँडने जोड, म्हणजे कोणत्या तुकड्याने आकडा पाडला ते लगेच कळतं.

पांढरकवडा
पूर्ण लेखांचं कुणी सविस्तर सांगाल का? आमचं खाजगी कॉलेज आहे.

वाचनकट्टा
सरकारी आणि खाजगी अशी वाट इथे वेगळी होते.

केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सामायिक वर्गणीची सरकारी योजना सुरू झाली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, समन्वय इन्फ्लिबनेटकडे. सेज, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, एल्सेव्हियर हे त्यात आहेत. ब्रिटिश आणि कॅनेडियन ओटी नियतकालिकं सेजची, ऑस्ट्रेलियन वायलीचं, म्हणजे आपल्या शाखेला हे मोठंच दालन उघडलं. कॉलेजच्या नेटवर्कवरून किंवा संस्थेने दिलेल्या लॉगिनवरून वाचता येतं. महापालिकेच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेचं नाव यादीत आहे का ते ग्रंथपालांकडून पक्कं करून घ्यावं. नाव असूनही लॉगिन कुणी मागितलंच नाही, म्हणून ते तयार केलेलं नाही, असं असू शकतं.

खाजगी संस्था पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यांनी या क्रमाने जावं: पबमेड सेंट्रल (मोफत पूर्ण लेखांचा संग्रह), मग ब्राउझरमध्ये अनपेवॉल (मोफत प्रत शोधणारी जोडणी) बसवून प्रकाशकाच्या पानावर हिरवं कुलूप दिसतं का ते पाहणं, मग स्कॉलरचं 'ऑल व्हर्जन्स', मग लेखकाला ईमेल. ईमेल चार ओळींचं असावं: तुम्ही कोण, कोणता लेख, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), कशासाठी. पत्रव्यवहाराच्या लेखकाचा पत्ता सारांशाच्या पानावरच असतो. तेही जमलं नाही तर तुमचं कॉलेज डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य आहे का विचारा. ग्रंथपालांमार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवता येतो. मागणी देताना डीओआय, खंड, अंक, पानं पूर्ण द्या. अपुऱ्या मागण्या परत येतात.

मुळात खुली असलेली नियतकालिकंही आहेत: वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचं ओपन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी, सायलोवर दक्षिण आफ्रिकेचं, सेजकडे हाँगकाँगचं.

गोफण
भारतातल्या साहित्याबद्दल लिहितो, कारण इथेच सगळ्यांचा आरओएल (रिव्ह्यू ऑफ लिटरेचर) लंगडा पडतो.

इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी हे एआयओटीएचं, म्हणजे १९५२ साली स्थापन झालेल्या आपल्या संघटनेचं नियतकालिक. पबमेडच्या शोधात ते येईल असं धरून चालू नका, थेट त्याच्या पानावर जाऊन शोधा. मेडनो या प्रकाशकाची नियतकालिकं लिपिनकॉटच्या साइटवर हलल्यापासून जुने दुवे मोडतात. संदर्भात डीओआय असेल तर त्यावरून लेख गाठता येतो. ऑनलाइन येण्याआधीचे खंड छापील स्वरूपात जुन्या कॉलेजांत असतात. केईएममधली शाळा १९५० पासूनची आहे, तेव्हा मुंबईत असाल तर छापील अंक कुठे आहेत याची चौकशी जुन्या कॉलेजांपासून सुरू करा.

शोधगंगेत (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रामुख्याने पीएचडीचे प्रबंध आहेत, एमओटीएचची डिझर्टेशन तिथे शोधून फारसं हाती लागत नाही. ती ज्या त्या विभागात बांधलेल्या प्रतींत असतात, म्हणून विभागाला विचारावं. चालू असलेल्या आणि न छापलेल्या भारतीय चाचण्यांसाठी सीटीआरआय ही चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही बघा. तुमच्यासारखाच अभ्यास शेजारच्या शहरात चालू आहे का ते तिथे कळतं. आणि तुमची स्वतःची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

पुस्तकांसाठी कपाट: ड्युई वर्गीकरण असेल तर ६१५.८५१५, एनएलएम असेल तर डब्ल्यूबी ५५५. मानसोपचारातली ओटी ड्युईत ६१६.८९१६५ ला जाते आणि हाताची पुस्तकं एनएलएममध्ये डब्ल्यूई ८३० ला, म्हणून एकाच कपाटापुढे उभं राहून 'पुस्तक नाही' असं ठरवू नका.

अन्वया_क
@गोफण, फारच उपयोगी. मोजपट्ट्यांचंही सांगाल का? फुगल-मायर आणि एआरएटी (पक्षाघातानंतर हाताचं काम मोजणाऱ्या दोन मोजपट्ट्या) घ्यायचा विचार आहे.

गोफण
शिकागोच्या शर्ली रायन अ‍ॅबिलिटीलॅबचा रिहॅब मेजर्स डेटाबेस मोफत आहे. मोजपट्टीचं नाव टाकलं की कोणत्या आजारात विश्वासार्हता किती, किती बदल झाला तर तो खरा धरायचा, हे संदर्भासह मिळतं. फुगल-मायरचा हाताचा भाग ६६ गुणांचा, एआरएटी ५७ गुणांची. फुगल-मायरसाठी ४.२५ ते ७.२५ गुणांचा बदल रुग्णाला जाणवण्याजोगा, हा आकडा सगळे उचलतात. तो जुन्या पक्षाघाताच्या, सौम्य ते मध्यम दुर्बलतेच्या रुग्णांवरचा आहे. तुझे रुग्ण पहिल्या तीन महिन्यांतले असतील तर तो लागू करू नकोस. डेटाबेसमधून आकडा घे, पण संदर्भ मूळ लेखाचाच दे.

फुगल-मायरचे तक्ते गोथेनबर्ग विद्यापीठाच्या पानावर मिळतात. प्रत्येक मोजपट्टी अशी मोकळी नसते. सीओपीएम (रोजच्या कामांतली अडचण रुग्णालाच विचारणारी मोजपट्टी) विकत घ्यावी लागते. मोका या आकलनक्षमतेच्या चाचणीसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. परवानगीचं पत्र एथिक्स समितीकडे जाण्याआधी हातात हवं. समिती ते मागते आणि उत्तर यायला वेळ लागतो.

प्रश्नावलीचं मराठी भाषांतर स्वतः करायचं मनात असेल तर आधी मालकी हक्क असणाऱ्यांकडे अधिकृत मराठी आवृत्ती आहे का विचार. नसेल तर रूढ पद्धत अशी: मराठीत दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग ३० ते ४० जणांवर चाचपणी. हे काम मुख्य अभ्यासाच्या बरोबरीने उरकता येत नाही. एमओटीएचला तोच स्वतंत्र विषय होऊ शकतो आणि मराठी रुग्णांसाठी त्याची गरजही मोठी आहे.

निळाई (मेलबर्न)
नोंदी ठेवण्याबद्दल कुणी बोललं नाही. शोध केला त्याच दिवशी एका तक्त्यात लिहा: डेटाबेस, तारीख, पूर्ण शोधओळ जशीच्या तशी, फिल्टर, निकालांची संख्या. प्रिझ्मा २०२० चा (आढावे कसे लिहावेत याची नियमावली) ओघतक्ता भरताना नेमके हेच आकडे लागतात आणि मागाहून ते जुळवता येत नाहीत, कारण डेटाबेस रोज वाढतो. माय एनसीबीआयमध्ये मोफत खातं काढून शोध जतन केला की नवे लेख ईमेलने येत राहतात.

आणि एआय चॅटने दिलेला एकही संदर्भ पीएमआयडी (पबमेडमधला लेखाचा क्रमांक) किंवा डीओआय तपासल्याशिवाय घेऊ नका. नाव खरं, नियतकालिक खरं, लेख अस्तित्वातच नाही, असे संदर्भ त्यात येतात. पबमेडच्या सिंगल सायटेशन मॅचरमध्ये नियतकालिक, वर्ष, पहिलं पान टाकलं की लगेच निकाल लागतो.

पांढरकवडा
पबमेडमधून झोटेरोत (संदर्भ साठवायचं मोफत सॉफ्टवेअर) एकेक लेख टाकतोय, सगळे एकदम जातात का? आणि पेड्रोतले तेच लेख दुसऱ्यांदा येतात त्याचं काय?

शेवंती
जातात. निकालांच्या वरच्या 'सेंड टू'मध्ये 'सायटेशन मॅनेजर' निवडा, 'ऑल रिझल्ट्स' करा, एनबीआयबी फाइल उतरेल. ती झोटेरोत 'इम्पोर्ट' करा. एकदम १०,००० पर्यंत जातात.

दुबार नोंदींसाठी झोटेरोत डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' आहे. तिथे शीर्षक, डीओआय, वर्ष जुळतंय का ते बघून मगच एकत्र करा. परिषदेतला सारांश आणि त्याच अभ्यासाचा पूर्ण लेख यांचं शीर्षक सारखं असू शकतं. ते एकत्र केले तर एक नोंद हरवते. किती दुबार काढल्या तो आकडा निळाईंनी सांगितलेल्या तक्त्यात लिहा. झोटेरोची मोफत साठवण ३०० एमबी आहे, पीडीएफ भरल्या की ती लवकर संपते. सेटिंग्जमध्ये जाऊन फाइल सिंक बंद करा. नोंदी तरीही सिंक होत राहतात, पीडीएफ फक्त तुमच्या संगणकावर राहतात. त्या फोल्डरची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या, आणि प्रत घेताना झोटेरो बंद असू द्या.